बेसमेंटमधली विद्यार्थिनी

ईशानी माझ्या धाकट्या बहिणीची, ऊर्मीची मुलगी. लहानपणी ती इतकी गप्प असायची की घरात आहे की बाहेर गेली, हे हाक मारल्याशिवाय कळत नसे. जन्म कॅनडातल्या फोर्ट मॅकमरीचा. वडील गुरुदत्त तिथल्या ऑइल सँड्सच्या प्लांटवर इंजिनियर, आई फार्मसीत. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीतून. डॉक्टर व्हायचं हे तिनं शाळेतच ठरवलं होतं आणि त्याचा कधी गाजावाजा केला नव्हता. मी टोरोंटोला असते, बँकेत. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या कॉन्डोवर आठवडाभर राहायला आली होती, तेव्हा तिनं मला हे सांगितलं. काही गोष्टी मी नंतर वनिताला फोन करून विचारून घेतल्या. वनिता कोण, ते पुढे येईलच.

एडमंटनला युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला असताना ईशानीनं केमिस्ट्री, बायॉलॉजी आधी उरकून घेतलं आणि फिजिक्स जानेवारीच्या सेमिस्टरला ठेवलं. तिथे फिजिक्स दोन प्रकारचं मिळतं. एक अल्जिब्रावरचं. त्यात सूत्रं तयार देतात, आकडे घालायचे आणि उत्तर काढायचं. डॉक्टरकीच्या वाटेवरची बहुतेक मुलं तेच घेतात. दुसरं कॅल्क्युलसवरचं, इंजिनियरिंगवाल्यांचं. त्यात सूत्र कुठून आलं इथपासून सुरुवात. मेडिकल स्कूलला दोन्ही चालतात, प्रवेशासाठीच्या एमकॅट परीक्षेला पहिलं पुरतं. पण मेडिकल स्कूल मार्क बघतं, आणि कॅल्क्युलसवाल्या वर्गात भल्याभल्यांचे मार्क घसरतात.

ख्रिसमसच्या सुट्टीत घरी यावरून बरीच बोलाचाली झाली.

"कॅल्क्युलसशिवायचं फिजिक्स म्हणजे नुसती पाठांतराची परीक्षा," गुरुदत्त म्हणाला. "आणि मेडिकलला नाही झालं तर? मॅथ हातात असलं तर इंजिनियरिंगला जाता येईल, बायोफिजिक्सला जाता येईल."

"मेडिकलला व्हायचं म्हणूनच मार्क हवेत ना?" ऊर्मी म्हणाली. "बी आला तर काय करायचं?"

"आय कॅन डू आयदर," एवढंच ईशानी म्हणाली. वाद थांबावा म्हणून तिनं त्याच रात्री कॅल्क्युलसच्या वर्गात नाव घातलं. जानेवारीत दोन आठवड्यांपर्यंत वर्ग बदलता येतो, तेव्हा गुपचूप बदलू, असा तिचा विचार होता.

रेसिडेन्समध्ये, म्हणजे होस्टेलवर, रूममेटशी पटत नव्हतं, म्हणून त्याच महिन्यात ती बाहेर राहायला गेली. ऊर्मीच्या ओळखीतून सेंच्युरी पार्क स्टेशनजवळ एका मराठी घराचं बेसमेंट मिळालं. घर दादासाहेब पाटणकरांचं. दादासाहेब सत्तरच्या दशकात इथे आले, एका टेक्निकल कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले. बायको गेली होती. मुलगा उत्तरेकडे तेलाच्या कॅम्पवर कामाला, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. भाड्याचं, किल्लीचं, सगळं बोलणं सुनेनं, वनितानं केलं.

"बाबा वरच असतात. खाली येत नाहीत," वनिता किल्ली देताना म्हणाली. "बाजूच्या दारानं ये-जा कर. थर्मोस्टॅट वर आहे, थंडी वाजली तर मला टेक्स्ट कर."

खोली नीटनेटकी होती. कार्पेट, एक खिडकी, तीही अर्धी बर्फाखाली. पलंगाच्या डोक्याशी छताला हीटच्या व्हेंटची चौकोनी जाळी. घर गरम करणारा फर्नेस शेजारच्याच खोलीत होता, सुरू झाला की आधी धप्प असा आवाज व्हायचा आणि मग जाळीतून गरम वारा येऊ लागायचा.

पहिल्याच आठवड्यात पारा उणे तीसच्या खाली गेला. ईशानी क्लासवरून आली, खिचडी टाकली. बाहेर पाचलाच अंधार झाला होता. फर्नेस सुरू झाला आणि जाळीतून गरम हवेबरोबर एका पुरुषाचा आवाज आला.

"त्वरणाची व्याख्या नको सांगूस. काय बदलतंय ते सांग. आणि कशाबरोबर बदलतंय ते सांग."

आवाज वयस्कर होता, स्वच्छ होता, शिकवणाऱ्या माणसाचा होता. मग थोडा वेळ काही नाही. समोरचं कोणी उत्तर देतंय आणि तो ऐकतोय, असा मधला वेळ. मग पुन्हा, "हं. पुढे."

ईशानीला वाटलं, दादासाहेब कोणाची तरी शिकवणी घेतायत. त्वरण म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. तिनं आईला फोन करून विचारलं.

"अगं, अ‍ॅक्सिलरेशन," ऊर्मी म्हणाली. "शाळेत होतं आम्हाला. तुला कुठून कळला हा शब्द?"

"लँडलॉर्ड टीचेस समवन. आय कॅन हिअर."

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोफेसरनं जो प्रश्न घातला, तो ऐकून ईशानी गांगरली. बर्फावर घसरणारी गाडी, आणि घर्षण जागोजागी वेगळं. आजूबाजूची इंजिनियरिंगची मुलं भराभर लिहू लागली. तिला काही सुचेना. संध्याकाळी ती पुस्तक उघडून बसली, फर्नेस सुरू झाला, आणि आवाज म्हणाला, "गाडी व्हाइटमडच्या हायवेवर घसरतेय. ब्रेक दाबलायस. वेग एकसारखा कमी होतोय का? नाही होत, कारण बर्फ एकसारखा नाही. मग एका सूत्रात कसा बसवशील? तुकडे कर. इतके बारीक कर की एका तुकड्यापुरता बर्फ सारखा वाटेल. मग ते तुकडे जोड. एवढंच आहे ते. त्याला घाबरायचं कशाला?"

ईशानी मला म्हणाली, "मावशी, मला त्या क्षणी ते दिसलं. रस्ता दिसला, तुकडे दिसले. मी इंटिग्रल सोडवत होते आणि मला ते इंटिग्रल वाटतच नव्हतं."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती व्हेंटखाली बसू लागली. जे तिचं अडलेलं असे, तेच वर चाललेलं असे. अभ्यासक्रम सारखा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. वर्ग बदलायची मुदत जवळ आली. ती वेबसाइट उघडायची, बटणापर्यंत जायची आणि मागे फिरायची. त्या दिवसांत मी फोन केला तर हसून म्हणाली, "मावशी, आय थिंक आय अ‍ॅम गुड अ‍ॅट धिस." मुदत टळून गेली. तिनं वर्ग बदलला नाही.

मग एका संध्याकाळी आवाजानं विचारलं, "दोन गोळे आपटले. एकमेकांना चिकटले. काय तसंच राहील?" आणि नेहमीसारखा थांबला. ईशानीच्या तोंडून सहज निघून गेलं, "मोमेंटम."

"मराठीत सांग."

ती उभीच राहिली. वरच्या विद्यार्थ्याला ते म्हटलं असणार हे तिला कळत होतं. तरी तिनं उत्तर दिलं, "मला मराठी शब्द येत नाही."

"संवेग," आवाज म्हणाला. "म्हण."

"संवेग."

"शाबास. आता पुढे."

तेव्हापासून ती उत्तरं देऊ लागली. बोटांनी व्हेंटची जाळी चाचपून पाहिली होती तिनं, तिथे स्पीकर वगैरे काही नव्हतं. भीती वाटली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, भीती वाटायला हवी हे समजत होतं, पण वाटत नव्हती. उलट संध्याकाळची वाट पाहणं सुरू झालं होतं. मैत्रिणींबरोबर जेवायला जाणं बंद झालं. मराठी बोलायची सवय लागली, तीही आमच्यासारखी इंग्रजी मिसळलेली नाही. जुनी, पुस्तकातली, दादासाहेबांच्या पिढीची. ऊर्मीला फोनवर एकदा ती म्हणाली, "आई, मला वेळ नाही, पाठ सुरू व्हायचाय." ऊर्मीला ते ऐकून हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर उगीचच अंगावर काटा आला.

आवाज नेहमी सौम्य नसे. उत्तर चुकलं की गप्प व्हायचा आणि नुसता गरम वारा येत राहायचा. ते गप्प राहणं इतकं लांबायचं की ईशानी लिहिलेलं खोडून पुन्हा मांडू लागे. मग एकदम, "पुन्हा. पहिल्यापासून." फेब्रुवारीत केव्हातरी त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं. "लक्ष कुठे आहे, गौरांगी?"

ईशानी म्हणाली, "सॉरी. इथेच आहे."

दुसऱ्याच नावानं हाक मारली याचा तिला अपमान वाटला नाही की त्यात चूक वाटली नाही. हाकेला ओ द्यावी तशी तिनं ओ दिली. हे तिला पुढे आठवलं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

रीडिंग वीकच्या, म्हणजे अभ्यासाच्या आठवडाभर सुट्टीनंतर मिडटर्म झाली. परीक्षा मोठ्या हॉलमध्ये, छताला हवेचे जाड पाइप. पेपर हातात आला, तिसरा प्रश्न पाहून ती अडली, आणि छतातल्या पाइपांमधून, घरापासून इतक्या लांब, अगदी हळू आवाजात ऐकू आलं, "काय बदलतंय?" तिनं मान वर केली नाही. लिहीत राहिली. बाहेर आली तेव्हा पेपरात काय लिहिलं हे तिला धड आठवेना.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरनं सांगितलं की एक पेपर उरलाय. वर्गात सर्वांत जास्त मार्क त्याच पेपरला होते, पण वर लिहिलेल्या नावाची मुलगी या वर्गात नाही. ईशानीचा पेपर मिळाला नव्हता, म्हणून ती पुढे गेली. विद्यार्थी क्रमांक तिचा होता. अक्षर तिचं होतं. नावाच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, गौरांगी पाटणकर.

"हे तुझं दुसरं नाव आहे का?" प्रोफेसरनं विचारलं.

"नाही," ईशानी म्हणाली. "चुकून लिहिलं."

त्यानं विद्यार्थी क्रमांक यादीशी ताडून पाहिला. मग त्यानं नाव खोडलं आणि मार्क तिच्या खात्यात घातले.

त्या दुपारी ती कॉलेजमधून थेट घरी आली आणि बाजूच्या दारानं न जाता पुढच्या दाराची बेल वाजवली. ऊन होतं, पण त्यात जीव नव्हता. वनितानं दार उघडलं आणि ईशानीचा चेहरा पाहून काही न विचारता आत घेतलं.

"मला दादासाहेबांना भेटायचंय," ईशानी म्हणाली. "ते मला, म्हणजे ते ज्या कोणाला शिकवतात ना संध्याकाळी..."

वनिता जागच्या जागी थांबली. "बाबा शिकवतात?"

"रोज. व्हेंटमधून ऐकू येतं मला."

वनितानं तिला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी आरामखुर्चीत एक उंच, वाळलेले गृहस्थ बसले होते. मांडीवर शाल होती. उजवा हात शालीवर नुसता ठेवलेला. खुर्चीच्या पायाशी, जमिनीला, हीटची जाळी होती. ती आपल्याच पलंगाच्या बरोब्बर वर येते, हे ईशानीच्या लगेच लक्षात आलं.

"दोन हिवाळ्यांपूर्वी स्ट्रोक झाला," वनिता हळू आवाजात म्हणाली. "तेव्हापासून बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. पण शब्द एकच उरलाय."

ईशानी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आजोबा, मी खाली राहते. तुम्ही मला शिकवता का?"

"हो," दादासाहेब म्हणाले. आवाज घोगरा होता, अडखळत बाहेर पडला. व्हेंटमधला तो सुस्पष्ट आवाज याच गळ्यातून कधीकाळी निघाला असेल, हे तिला जाणवलं. पण आता तो निघणं शक्य नव्हतं.

"संवेग म्हणजे मोमेंटम ना?"

"हो."

"मी कोण आहे? गौरांगी आहे का मी?"

"हो."

वनितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तो एकच शब्द आहे गं. चहा हवा का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो." मग तिनं विचारलं, "गौरांगीचं नाव तुला कोणी सांगितलं?"

स्वयंपाकघरात चहा करता करता वनितानं सांगितलं ते असं. गौरांगी दादासाहेबांची थोरली मुलगी. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजात फिजिक्स निवडायची वेळ आली तेव्हा तिनं अल्जिब्रावालं घ्यायचं ठरवलं होतं. दादासाहेबांनी ऐकलं नाही. माझी मुलगी अर्धवट फिजिक्स शिकणार नाही, म्हणाले. मी शिकवतो. रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये फळा लावून शिकवायला बसायचे. वर्गात इतका गोड शिकवणारा माणूस, पण मुलीपुढे तोल जायचा. ती चुकली की तासन्‌तास गप्प. तिला ते जमलंच नाही. मार्क असे पडले की मेडिकलचा अर्ज पुढे गेलाच नाही. त्या उन्हाळ्यात ती घर सोडून गेली. आता पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्सला असते, एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. आई गेली तेव्हा सकाळी आली आणि संध्याकाळच्या फ्लाइटनं परत गेली.

"हे सगळं माझ्या लग्नाच्या आधीचं. मी तिला धड पाहिलेलं नाही," वनिता म्हणाली. "खाली तू राहतेस ती तिचीच खोली."

ईशानीनं बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला त्यांचा आवाज ऐकू येतो का? खाली येतो तसा?"

"बाबांचा नाही." वनितानं गॅसकडे पाहत चहा ढवळला. "मला खालून मुलीचा आवाज ऐकू येतो. बाबांच्या पायाशी जाळी आहे ना, तिथून. उत्तरं देते. मराठीत."

"ती मी असेन. मी मोठ्यानं बोलते."

"तू येण्याच्या आधीपासून," वनिता म्हणाली. "बाबा हॉस्पिटलमधून घरी आले त्या हिवाळ्यापासून. खाली कोणी राहत नव्हतं तेव्हा. उत्तर द्यायची, चुकायची, आणि मग रडायची. मी किती वेळा टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. नवरा महिन्यातले किती दिवस नसतो, मी कोणाला सांगणार? बेसमेंट भाड्यानं द्यायची आम्हाला गरज नव्हती, ईशानी. मला वाटलं, खाली खरीखुरी मुलगी राहायला आली की तो आवाज तिचा आहे, असं मला समजता येईल."

"आणि मी आल्यावर?"

"आवाज येतच राहिला. रडणं थांबलं."

दोघींनी चहा घेतला. वनिता तिला म्हणाली की तुला दुसरीकडे जायचं असेल तर मी उद्याच्या उद्या भाडं परत देते. ईशानीनं मान हलवली, पण हो की नाही ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. ती खाली आली, दिवा लावला, आणि पलंगावर पाय घेऊन बसली. फर्नेस सुरू झाला.

"कालचं कुठपर्यंत आलं होतं, गौरांगी?"

ईशानीनं वर जाळीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मी गौरांगी नाही, आजोबा. माझं नाव ईशानी."

गरम वारा येत राहिला. तिला वाटलं आवाज गेला. मग तो आला, पण शिकवणाऱ्याचा नव्हता. घरात हरवलेल्या माणसाला शोधणाऱ्याचा होता.

"मग गौरांगी कुठे आहे?"

आणि पुन्हा, जवळून, जणू जाळीला तोंड लावून, "गौरांगी कुठे आहे?"

वर काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. ईशानी धावत जिना चढून मधल्या दारावर थापा मारू लागली. वनितानं दार उघडलं. दादासाहेब खुर्चीतून खाली आले होते आणि डाव्या हातानं जमिनीवरच्या जाळीची पट्टी घट्ट धरून बसले होते. दोघींनी मिळून त्यांना उठवून बसवलं. लागलं नव्हतं. ते ईशानीच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि तिला सोडून पलीकडे दाराकडे पाहत होते.

"त्यांच्या मुलीला फोन लावा," ईशानी म्हणाली.

"ती उचलत नाही. दिवाळीला मेसेज करते, तेवढंच."

"लावून बघा."

हॅलिफॅक्सचं घड्याळ तीन तास पुढे, तिकडे जेवणाची वेळ टळून गेली होती. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला, जणू हातातच होता. वनितानं स्पीकर लावला आणि फोन दादासाहेबांच्या कानाजवळ धरला.

"वनिता बोलतेय, एडमंटनहून. बाबा पडले होते, आता बरे आहेत. तुमच्याशी..." तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. "ते ऐकतायत. तुम्ही बोला."

 मग गौरांगी म्हणाली, "वनिता, खाली कोण राहतंय?"

वनितानं ईशानीकडे पाहिलं. भाडेकरू ठेवल्याचं तिनं नणंदेला कधीच कळवलं नव्हतं. "एक मुलगी आहे. शिकायला आलीये."

"तिला एक सांगशील? तिला जर ते नको असेल, तर तिनं दुसरं फिजिक्स घ्यावं. साधं. डॉक्टर व्हायला तेवढं पुरतं. तिला कोणीतरी सांगायला हवं. मला कोणी सांगितलं नाही." आवाज कापला नाही, चढला नाही. "ऐकताय ना, बाबा? तेवढं पुरतं. पुरलं असतं."

दादासाहेबांचे ओठ हलले. दोघी वाट बघत राहिल्या. वनिताच्या म्हणण्याप्रमाणे तो एकच शब्द त्यांनी त्या दोन वर्षांत हजारदा म्हटला असेल. पण तो कोणाला तरी उद्देशून म्हटलेला तिनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"हो," ते म्हणाले.

त्यानंतर गौरांगी रविवारी फोन करू लागली. आणि व्हेंटमधून फक्त वारा येऊ लागला. ईशानी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची, फर्नेसची धप्प ऐकू आली की नकळत मान वर जायची, आणि कोणी काही बोलायचं नाही. पुढचं प्रकरण तिला समजेना. घरचा अभ्यास कसाबसा करून द्यायची. खूपशी मुलं तसंच करत होती, आणि मिडटर्मच्या मार्कांच्या जोरावर तिला शेवटी ए सहज मिळाला असता. मार्चच्या अखेरीला, कोर्स सोडायच्या मुदतीच्या आत, तिनं कॅल्क्युलसचं फिजिक्स सोडलं.

गुरुदत्तला ते पटेना. "वर्गात पहिली आहेस आणि सोडतेस? प्रगतीपुस्तकावर डब्ल्यू लागणार, कोर्स सोडल्याचा शेरा. मेडिकलवाले विचारतील, का सोडलं. काय सांगणार आहेस?"

"सांगेन, मला नको होतं."

"मग घेतलंस कशाला?"

"तुम्हाला हवं होतं, बाबा," ईशानी म्हणाली. हे तिनं मराठीत सांगितलं आणि भांडणाच्या सुरात सांगितलं नाही. गुरुदत्त उठून गेला. ऊर्मी मला म्हणाली, त्या दिवशी तो गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ विंटर टायर काढत बसला होता, बाहेर अजून बर्फ असताना.

ईशानी मेमध्ये अल्जिब्राच्या वर्गात बसली. बायॉलॉजीची, नर्सिंगची मुलं, तयार सूत्रं, खिडकीबाहेर पानं फुटलेली. कधी अडायची, कधी जमायचं. बी प्लस मिळाला. तो सांगताना तिला लाज वाटली नाही की अभिमान वाटला नाही. "ते मीच सोडवलं होतं," एवढंच ती म्हणाली. मेडिकलला पहिल्या वेळी नाव वेटिंगवर राहिलं, दुसऱ्या वेळी झालं. मुलाखतीत कोणीतरी तो डब्ल्यू काढला होता. का सोडला कोर्स, विचारलं. ती म्हणाली, तो मी दुसऱ्याच कोणासाठी करत होते. त्यांनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला.

बेसमेंट तिनं लगेच सोडलं नाही. वनिताला सोबत हवी होती आणि ईशानीलाही. दादासाहेब त्याच वर्षी पानगळीत गेले, दुपारच्या झोपेत. ईशानी अंत्यविधीला गेली. तिथेच तिनं गौरांगीला पहिल्यांदा पाहिलं. पंचेचाळिशीच्या पुढची, आखूड केस, काळा कोट, हॉस्पिटलात सारखे धुऊन कोरडे पडलेले, सोललेले हात. विधी आटोपल्यावर लोक कॉफी घेत उभे होते, तेव्हा ती आपण होऊन ईशानीजवळ आली.

"तू ईशानी ना? खाली राहतेस."

"हो. वनिताकाकूंनी सांगितलं असेल."

"नाव सांगितलं तिनं." गौरांगीनं हातातली कॉफी ढवळली. "त्या हिवाळ्यात मला रोज तेच स्वप्न पडायचं. तीच खोली, तो फळा. आधीही पडायचं, त्यात मी चुकायचे. त्या वर्षी माझ्या जागी दुसरं कोणीतरी बसलेलं असायचं, आणि मी जिन्यावरून बघायचे." ती हसली, पण फारसं नाही. "तू छान उत्तरं द्यायचीस. मला ती कधीच तशी देता आली नाहीत."

ईशानीनं खिशातून गाडीची किल्ली काढली. तिनं विचारलं, "तुम्ही एअरपोर्टला कशा जाणार? माझ्याकडे गाडी आहे."

ईशानी तिला घेऊन व्हाइटमडवरून निघाली. बर्फ नव्हता, रस्ता कोरडा होता. एअरपोर्टला उतरताना गौरांगीनं तिचा फोन नंबर घेतला. अधूनमधून त्यांचे मेसेज चालू असतात. ईशानीची अ‍ॅनाटमीची परीक्षा असली की गौरांगी कुठल्या तरी हाडाचा एक्स-रे पाठवते, नाव-गाव काढून टाकलेला, आणि खाली लिहिते, ओळख बघू.